नेव्हिलची नसलेली बहीण

"काल माझी पँट पडली नाही," तो म्हणाला.

मी लाँड्रीच्या काउंटरवरून मान वर केली. दारात एक लांबलचक, चिंब भिजलेला मुलगा उभा होता. कानांवरून पाणी ओघळत होतं, आणि कान भरपूर असल्यामुळे पाणीही भरपूर होतं. चेहरा मात्र मयताला आल्यासारखा.

"अभिनंदन," मी म्हणाले.

"तुमच्या लक्षात येत नाहीये. अख्ख्या क्लबसमोर पडली नाही!"

"अहो, पुष्कळ लोकांची पडत नाही. ते कुठे तक्रार घेऊन येतात?"

त्याने बगलेतलं पुडकं काउंटरवर आपटलं. आतून जांभळ्या चौकड्यांची पँट निघाली आणि मी तिला लगेच ओळखलं. परवाच धुवायला आली होती. दोन्ही बाजूंच्या शिवणी इतक्या कच्च्या की फुंकर मारली तरी सुटाव्यात. आमच्या ओल्डहॅममध्ये माणसाकडे एक वेळ कोळसा नसेल, पण शिवण असते. मला त्या अनोळखी माणसाची इतकी कीव आली होती, की मी जाड दोऱ्याने दुहेरी शिलाई मारून दिली होती. त्याने न मागता.

"ही तुम्ही शिवलीत?"

"हो."

"का?"

शिवणकामात आयुष्य गेलं असतं तरी हा प्रश्न मला कुणी विचारला नसता.

"फाटली होती म्हणून."

"फाटली नव्हती. ती तशीच होती... मुद्दाम." त्याने आवाज खाली आणला. "तिसऱ्या कडव्यानंतर आमच्या चौघांच्या पँटी एकदम पडतात. काल तिघांच्या पडल्या. मी मधोमध उभा, पँट घालून. मी ओढली, हिसडली, अंगठ्याचं नख गेलं — पँट ढिम्म! लोकांना वाटलं मी बँडमधला नाहीच, कुणीतरी आगाऊ माणूस वर चढलाय. क्लबच्या सेक्रेटरीने मला दंडाला धरून खाली उतरवलं."

मी हसले नाही. मला हसू येत नाही असं नाही, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

"मग चिठ्ठी लावायची होती," मी म्हणाले. "'कृपया वाईट शिवा.'"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या... आधी डावी, मग उजवी.

"तुम्हाला... येतं वाईट शिवता?"

"कधी प्रयत्न केला नाही."

"करून बघाल?" तो म्हणाला. "माझ्यासाठी?"

बाहेर आमच्या गावचा पाऊस होता. तो पडत वगैरे नाही, नुसता हवेत उभा राहतो आणि माणसांना त्यातून जावं लागतं. त्या पावसातून मी त्या संध्याकाळी क्लबात गेले. कारण वाईट शिवायचं म्हणजे नेमकं किती वाईट, हे पाहिल्याशिवाय कळणार कसं?

त्याचं नाव नेव्हिल ग्रिमशॉ. बँडचं नाव 'नेव्हिल अँड द नॉकनीज', म्हणजे ज्यांचे गुडघे एकमेकांवर आपटतात ते. चौसष्ट साल होतं. इंग्लंडमध्ये त्या वर्षी चार मुलं एका खोलीत जमली की बँड होत होता. गिटारवर दोघे सख्खे भाऊ होते. ते घरी एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे सूर फार छान जुळत. आणि ड्रमवर सिरिल, जाडजूड, उदास, खिशात कायम मटणाचा पाय घेऊन फिरणारा. पाय म्हणजे खाण्याचा, आमच्याकडची भरलेली कचोरी समजा. सिरिलच्या खिशात बकऱ्याचा खरा पायही शोभला असता, म्हणून सांगितलं.

चारही पँटी पडल्या. क्लब हसून कोसळला. मी एकटी खुर्चीच्या टोकावर बसून शिवण बघत होते. नेव्हिलने ते वरून पाहिलं आणि खेळ संपल्यावर सरळ माझ्याकडे आला.

"तू हसली नाहीस."

"डावी बाजू आधी सुटली," मी म्हणाले. "उजवी नंतर. म्हणून तुला पाय हलवावा लागला. टिचबटणं लावली तर दोन्ही एकदम सुटतील."

"म्हणजे तू सबंध वेळ माझ्या पायांकडे बघत होतीस?"

"पँटीकडे."

"पण आत पाय होते."

"होते," मी म्हणाले. "बारीक आहेत."

आमच्याकडे यालाच जमणं म्हणतात.

मी त्यांच्या पँटी बघू लागले. दिवसा दुकानात लोकांचे कपडे पक्के करायचे, संध्याकाळी या चौघांचे कच्चे. रॉचडेल, बरी, बोल्टन — आसपासची गावं, क्लबांमागून क्लब. परतताना बसच्या थांब्यावर नेव्हिल आणि मी एका छत्रीत, आणि सिरिल छत्रीबाहेर, कारण छत्रीत सिरिल मावला की दुसरं कुणी मावत नाही.

एकदा असंच थांब्यावर उभे होतो. नेव्हिलने छत्री माझ्याकडे कलती केली. मग म्हणाला, "आयरिस... लव्ह —"

तेवढ्यात बस आली. कंडक्टरीण दांडीला लटकून ओरडली, "चल गं, चढ लवकर, लव्ह! आणि तूही रे, लव्ह!"

हीच आमच्या भागातली पंचाईत. खाटीक, पोस्टमन, दात उपटणारा डॉक्टर, सगळे समोरच्याला 'लव्ह' म्हणतात. त्यामुळे खरोखर प्रेमात पडलेल्या माणसाला म्हणायला काही उरतच नाही. शब्द दुपारपर्यंतच वापरून संपलेला असतो.

"मी जे म्हणत होतो..." बसमध्ये नेव्हिल म्हणाला. "ते हे नव्हतं. ते म्हणजे... दुसरं."

मागच्या सीटवरून धडम-छिस्स असा आवाज आला.

हा सिरिल. विनोदी बँडमध्ये ड्रमवाल्याचं ते कामच असतं. पुढच्याचं वाक्य संपलं, की धडम-छिस्स वाजवायचं, म्हणजे लोकांना कळतं, आता हसायचं. सिरिलच्या हातात ते इतकं मुरलं होतं, की तो बसच्या पत्र्यावर, जेवणाच्या ताटावर, चर्चच्या बाकावरही वाजवायचा. त्याच्या आजोबांच्या अंत्यविधीत पाद्रीबाबा म्हणाले, "माती मातीला मिळाली" आणि... असो.

"हात गार पडलेत तुझे," नेव्हिल म्हणाला आणि माझा हात त्याने आपल्या ओव्हरकोटच्या खिशात घातला. खिसा फाटका होता. माझा हात थेट अस्तरात गेला, त्याच्या बरगडीपाशी. आत काहीतरी फार जोरात चाललं होतं.

"उद्या शिवून देते," मी म्हणाले.

"नको." त्याने खिशावर हात दाबून धरला. "तुझा हात बाहेर यायचा रस्ता विसरला तर बरंच आहे."

यावर सिरिलने काही वाजवलं नाही. मी मागे वळून पाहिलं. तो पाय खात होता, आणि खिडकीबाहेर बघत होता.

मग त्यांची रेकॉर्ड निघाली. रडक्या प्रेमगीतांची नक्कल होती ती. चौघेही सुरात हुंदके देतात आणि शेवटी एकाला खरीच उचकी लागते, गाणं तिथंच थांबतं. देश त्या उचकीवर वेडा झाला. शाळेतली पोरं प्रार्थनेत उचक्या द्यायला लागली. आणि लंडनहून मिस्टर लेस्ली पॅजेट आले. रेशमी मफलर, गुळगुळीत आवाज. आता तेच यांचे मॅनेजर होते.

"एक नियम, मुलांनो," पॅजेट म्हणाले. "तुमच्यापैकी कुणालाही प्रेयसी नाही. पोरींना स्वप्नं पडायला हवीत. आणि स्वप्नात दुसरी बाई नसते."

"आणि ही?" एका भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. दुसरा भाऊही तेच विचारणार होता, पण ते बोलत नसल्यामुळे गप्प राहिला.

"या पँटी बघतात," पॅजेट म्हणाले.

दोन आठवड्यांनी पेपरात फोटो आला, मी आणि नेव्हिल, एका छत्रीत. तो माझं नाक आपल्या मफलरने पुसत होता. असला फोटो म्हणजे धंद्याचा सत्यानाश. पॅजेटनी पेपरला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'बहिणीची काळजी घेणारा नेव्हिल!'

अशी मी नेव्हिलची बहीण झाले.

सगळ्यात आधी पेटून उठली ती त्याची आई. एडा ग्रिमशॉ गिरणीत माग चालवायची. यंत्रांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे ती हळू बोलली तरी दोन गल्ल्यांना ऐकू जायचं. पेपर हातात घेऊन ती थेट आमच्या दुकानात आली.

"मला मुलगी झाली," ती गरजली, "आणि मला पेपरातून कळावं?"

"मिसेस ग्रिमशॉ, माझी काही चूक नाही —"

"शेजारची डोरिस सकाळपासून बोटं मोजतेय! नवरा माझा तेव्हा लढाईत, आणि ही बया विचारते, एडा, ही नेमकी केव्हाची?" तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाक तरी बरंय तुझं. आमच्याकडचं नाही दिसत. चहा टाक, लव्ह."

बहीण होणं मी हसण्यावारी नेलं. सुरुवातीला. पण ते वाढतच गेलं. मुली रस्त्यात अडवून विचारायच्या, नेव्हिल लहानपणी कसा होता? मी सांगायचे, ओला. एका जत्रेत मला 'देशाची लाडकी बहीण' म्हणून एका डुकराला फीत बांधायला बोलावलं. चांगलं होतं डुक्कर. पण नेव्हिल रस्त्याच्या पलीकडून चालायचा. चारचौघांत माझ्या गालावर ओठ टेकवायचा, भावासारखं... कोरडं. आणि हात खिशात घालायचा तर फक्त स्वतःचे.

उन्हाळ्याचा हंगाम ब्लॅकपूलला होता, समुद्रात शिरलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकावरचं थिएटर. तिथं पॅजेटनी नवा करार आणला. टीव्हीचा स्वतंत्र कार्यक्रम. राखाडी सूट. खरी, गंभीर प्रेमगीतं. "पँटींचा जमाना संपला," ते म्हणाले. "आणि बहिणीबद्दल लोक शंका घ्यायला लागलेत. म्हणून शनिवारी दुपारच्या खेळात, पेपरवाल्यांसमोर, स्टेजवर, बहिणीचा साखरपुडा."

"कुणाशी?" मी विचारलं.

सिरिलने हळूच हात वर केला. "मला हरकत नाही," तो म्हणाला. "म्हणजे तुला असेल तर मलाही आहे. पण मला विचारलं, म्हणून सांगितलं."

मी नेव्हिलला धक्क्यावर गाठलं. वारा असा, की सीगल पक्षी उलटे उडत होते. फळ्यांच्या फटींतून खाली समुद्र दिसत होता, चहाच्या रंगाचा.

"थोडेच दिवस, आयरिस," तो म्हणाला. "करारावर सही होईपर्यंत."

"आणि मग?"

"मग... सिरिलपासून काडीमोड घे."

मी त्याच्याकडे बघितलं. "हा विनोद होता, की खरंच म्हणतोयस?"

तो कठडा घट्ट धरून उभा राहिला.

"मलाच कळत नाही आता," शेवटी तो म्हणाला. अगदी हळू. "मी खरं बोललो की लोक हसतात, आयरिस. बोल्टनला मुतखड्याने कळवळून स्टेजवर पडलो, आठवतं? तीनदा वन्स मोअर आला. डॉक्टर वर आले, तर त्यांनाही टाळ्या. हा करार म्हणजे... एकदा तरी माझ्या तोंडून निघालेलं कुणी खरं मानेल."

"मी मानते ना."

"तू एकटीच."

"मग तेवढ्यावर भागव," मी म्हणाले. माझा आवाज थरथरला. वाऱ्याने, असं मी ठरवलं. "गंभीर गाणी गायची म्हणून मला बहीण करणार? जगाला प्रेमाचं खरं सांगायला आधी माझ्याबद्दल खोटं बोलणार? ऐक, नेव्ही. शनिवारी मी स्टेजवर येणार. बहीण म्हणून नाही आणि सिरिलची म्हणूनही नाही. आयरिस क्लेग म्हणून येणार. ओळख दिलीस तर ठीक. नाही दिलीस, तर तिथूनच ट्राम पकडते."

"पॅजेट आम्हाला हाकलून देईल."

"देऊ दे. रॉचडेल कुठे पळालंय?"

शनिवारी दुपारी पाऊस होता. थिएटर खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगांत मुली, मागे प्लॅस्टिकच्या टोप्या घातलेल्या बायका, थर्मास, विणकाम. तिसऱ्या रांगेत एडा, हॅट घालून. विंगेत पॅजेट आणि त्यांच्या मागे पेपरवाले.

"आणि आता," सिरिलच्या मागून निवेदक ओरडला, "नेव्हिलची लाडकी बहीण!"

मी चालत मधोमध आले. सिरिल ड्रममागे घाम पुसत बसला होता, अंगठीची डबी झांजेवर ठेवून. नेव्हिल माझ्याकडे बघत होता. कान पांढरे फटक. असे ते मी कधी पाहिले नव्हते.

मी माइकपासून बाजूला झाले. माझं बोलून झालं होतं.

तो माइकपाशी गेला. "ही माझी बहीण नाही," तो म्हणाला. "ही आयरिस. मी... माझं हिच्यावर प्रेम आहे."

धडम-छिस्स.

सिरिलने मुद्दाम केलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. वाक्य संपलं, हात चालले. पण झालं! थिएटर फुटलं. त्या हंगामातला सगळ्यात मोठा हशा. बायका टोप्या काढून डोळे पुसायला लागल्या.

"नाही, खरंच!" नेव्हिल ओरडला. "मला हिच्याशी लग्न करायचंय!"

आणखी मोठा हशा. तो हात जोडायला लागला, तसे लोक खुर्च्या बडवायला लागले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर वरच्या मजल्यावरून कुणी ओरडलं, "वन्स मोअर!" विंगेत पॅजेट आधी हादरले होते. आता त्यांचाही चेहरा खुलला. विनोद म्हणून खपतंय म्हटल्यावर करार जिवंत होता.

नेव्हिलने माझ्याकडे बघितलं. 'बघ,' असं होतं त्या बघण्यात. 'सांगितलं नव्हतं?'

मी मागे गेले. सिरिलच्या हातांतून दोन्ही काठ्या काढून घेतल्या. "ऊठ, लव्ह," मी म्हणाले. तो उठला. मी त्याच्या स्टुलावर बसले, काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या आणि लोकांकडे बघत राहिले.

ते हसले. मी बसले होते. ते आणखी हसले. मी तशीच. ते हसून माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. न हसण्याचा मला आयुष्यभराचा सराव आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हळूहळू एकेक जण खोकल्यावर आला. एक बाई दोनदा नव्याने सुरू झाली आणि एकटी पडल्यामुळे थांबली. वरच्या मजल्यावरचा तो वन्स मोअरवाला सगळ्यात शेवटी संपला.

"झालं?" मी विचारलं. माइकची गरज नव्हती. "नसेल झालं तर हसून घ्या. मला घाई नाही. तुमचं आटोपलं, की मला याला 'हो' म्हणायचंय."

छपरावरचा पाऊस ऐकू येत होता.

"अरे, मग विचार ना नीट तिला!" तिसऱ्या रांगेतून गिरणीचा आवाज आला. "मला एकच पोर आहे, आणि तेही हे असं! ही मुलगी नाही माझी, सून आहे! होणार असेल तर!"

नेव्हिल माझ्यापाशी आला. गुडघे खरोखरच एकमेकांवर आपटत होते. "आयरिस," तो म्हणाला, "करशील?" आणि त्या अख्ख्या थिएटरमध्ये एकही माणूस हसला नाही.

"करेन," मी म्हणाले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी हळहळायला नको. करार गेला. राखाडी सूट दुसऱ्या चार मुलांना बसले. त्यांचे केस फार छान विंचरलेले असतात. उचकीची रेकॉर्ड आता जुन्या बाजारात मिळते. नॉकनीज हिवाळ्यात नाताळची नाटकं करतात, त्यात नेव्हिल म्हातारीचं काम करतो. उन्हाळ्यात सुट्टीच्या छावण्यांत गातात, जिथं पहिल्या रांगेतली मुलं आइस्क्रीम फेकतात. दोघं भाऊ अजून बोलत नाहीत. सिरिलचं डोरिसच्या भाचीशी ठरलंय. पँटी रोज पडतात, वेळेवर. आणि आम्ही रस्त्याच्या एकाच बाजूने चालतो, हातात हात घालून. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण त्या दुपारी मी 'करेन' म्हणाले आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी ताडकन उभी राहिली. गळ्यात नेव्हिलच्या फोटोचा बिल्ला, डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलेलं. "चेटकीण!" ती किंचाळली, आणि तिने हातातली टॉफी सगळ्या ताकदीने माझ्यावर भिरकावली. ती माझ्या कपाळाला लागून मांडीत पडली.

सगळं थिएटर श्वास रोखून बघत होतं. विंगेतून पॅजेट हातवारे करत होते — रड, पळ, काहीतरी कर!

मी टॉफी उचलली. कागद सोलला. "थँक यू, लव्ह," मी त्या मुलीला म्हणाले.

फार चिवट होती. मी अर्धी चावून तोडली आणि उरलेली नेव्हिलच्या तोंडात घातली, सगळ्यांसमोर.